पीटी, पीएफ, ईएसआय : भंडाऱ्यातल्या छोट्या मालकाने नेमकं कशावर लक्ष ठेवायचं?

फेब्रुवारीचा पगार झाला की तुमसरच्या राईस मिलमध्ये, भंडाऱ्याच्या मेडिकल स्टोअरमध्ये, साकोलीच्या दुचाकी शोरूममध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "दर महिन्याला दोनशे कापता, यावेळी तीनशे कसे?" मालकाचं उत्तरही बहुतेक ठरलेलंच असतं : "सरकारने वाढवले."

सरकारने काहीही वाढवलेलं नसतं. व्यवसाय कर, म्हणजे पगारपत्रकातला 'पीटी', वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. पूर्वी ती २५० रुपये होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. महिन्याला २०० प्रमाणे अकरा महिन्यांचे होतात २,२००. उरलेले ३०० फेब्रुवारीत घेतले की २,५०० चा हिशेब पूर्ण होतो.

म्हणजे सगळ्यात जास्त कुरकुर ज्या कपातीबद्दल होते, तिची कमाल रक्कम गेल्या कित्येक वर्षांत बदललेली नाही. जे बदललं त्याबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. गेल्या तीन वर्षांतले बदल बघितले तर दर जवळपास तेच आहेत. बदललं आहे ते दुसरंच : कपात कोणाची करायची, किती माणसं झाली की कायदा लागू होतो आणि 'पगार' म्हणून कोणती रक्कम धरायची. छोटा मालक फसतो तो इथे.

जिल्ह्यात वरठीचा सनफ्लॅग स्टील कारखाना आहे, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी आहेत, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे. अशा ठिकाणी पगाराचा हिशेब बघायला वेगळा विभाग असतो. पण आठ ते तीस माणसांची राईस मिल, पितळी भांड्यांचा कारखाना, कोशाच्या कापडाचं युनिट, खासगी दवाखाना, कोचिंग क्लास किंवा ढाबा यांच्याकडे काय असतं? एक मुनीम, महिन्यातून एकदा भेटणारा कर सल्लागार आणि व्हॉट्सॲप. आणि व्हॉट्सॲपवर 'पगारात मोठा बदल' असा मेसेज दर पंधरा दिवसांनी येतो.

महिलांचा व्यवसाय कर : तीन वर्षं होत आली, तरी कपात सुरूच

महाराष्ट्रात व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला. त्यामागे रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याचा विचार होता. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यावं आणि दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळावं, असा हिशेब होता.

आजचे दर असे आहेत. पुरुष कर्मचाऱ्याला महिन्याला ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही. ७,५०१ ते १०,००० पगार असेल तर १७५ रुपये आणि त्याच्या वर २०० (फेब्रुवारीत ३००).

महिलांसाठी सूट पूर्वी १०,००० रुपयांपर्यंत होती. मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात ती २५,००० केली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. याचा भंडाऱ्यातला अर्थ काय? दवाखान्यातली नर्स, दुकानातली बिलिंगची मुलगी, खासगी शाळेतली शिक्षिका, अकाउंट्स बघणाऱ्या ताई, यांच्यापैकी ज्यांचा पगार २५,००० पर्यंत आहे त्यांच्याकडून एक रुपयाही व्यवसाय कर घ्यायचा नाही.

तरीही जुनी एक्सेल शीट वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट होत राहते आणि दोनशे रुपये कापले जातात. १४,००० पगाराच्या बाईसाठी वर्षाचे २,५०० म्हणजे पाच-सहा दिवसांची मजुरी. आणि हे कापलेले पैसे शासनाकडे न जाता मालकाच्याच गल्ल्यात राहिले, तर त्याला चूक म्हणणंही अवघड आहे. तुम्ही कर्मचारी असाल तर पगाराची पावती एकदा उघडून बघा.

इथे एक खाचही आहे. पगार २५,००० च्या एक रुपया जरी वर गेला तरी पूर्ण २०० रुपये लागतात. जानेवारीत ५०० रुपयांची पगारवाढ देऊन कोणाचा पगार २४,८०० वरून २५,३०० केला असेल, तर त्या महिन्यापासून कपात सुरू होते. वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मात्र हा कर लागत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या मुनिमाच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं.

मालकाची दोन वेगळी कामं असतात. कर्मचाऱ्यांचा कर कापून भरण्यासाठी एक नोंदणी आणि स्वतःच्या धंद्याचे वार्षिक २,५०० भरण्यासाठी दुसरी. बरेच जण एकच करतात. कर्मचाऱ्यांच्या कराची वर्षाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर विवरणपत्र वर्षातून एकदाच, ३१ मार्चपर्यंत भरायचं. ते चुकलं तर उशीर शुल्क १,००० रुपयांपर्यंत जातं. पाच माणसांच्या दुकानाला ते चांगलंच बोचतं.

एक, पाच, दहा, वीस

छोट्या मालकाला एकच पाटी भिंतीवर लावायची असेल तर हे चार आकडे लावावेत. प्रत्येक खातं माणसं वेगवेगळी मोजतं, आणि सगळा घोळ त्यातून होतो.

पहिला माणूस ७,५०० च्या वर पगारावर ठेवला की व्यवसाय कराची नोंदणी. पाच माणसं झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. ही रक्कम इतकी लहान आहे की कोणाच्या लक्षातच राहत नाही : २०२४ पासून दर सहा महिन्यांना कामगाराचे २५ रुपये आणि मालकाचे ७५. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापायचे, आणि १५ जुलै व १५ जानेवारीपर्यंत भरायचे. त्याआधी हे आकडे १२ आणि ३६ होते. तुमच्या शीटमध्ये अजून १२ दिसत असतील तर ती शीट किमान दीड वर्ष कोणी बघितलेली नाही, एवढं नक्की.

दहा माणसं झाली की कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय. पगार २१,००० पर्यंत असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. जुलै २०१९ च्या आधी हे दर १.७५ आणि ४.७५ होते, म्हणजे इथे बोजा कमी झाला आहे. ग्रॅच्युइटीचा कायदाही दहाला लागतो.

वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी, आपला पीएफ. दोघांचे १२-१२ टक्के. सक्तीची मर्यादा १५,००० रुपये पगार ही सप्टेंबर २०१४ पासूनची. ती वाढवण्याची चर्चा सतत चालू असते आणि 'मर्यादा २५,००० झाली' असे फॉरवर्डही फिरतात. हा लेख लिहिताना, जानेवारी २०२६ मध्ये, मर्यादा १५,००० हीच आहे.

या आकड्यांचा परिणाम बाजारात दिसतो. कागदावर नऊच माणसं असलेली किंवा एकोणीसवर थांबलेली आस्थापना सापडणं कठीण नाही. विसावा माणूस 'ठेकेदाराचा' असतो. पण ठेकेदाराकडून आलेले मजूरही मोजले जातात आणि ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते. शिवाय एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही.

राईस मिलमध्ये हा प्रश्न जास्त चिघळतो. धानाची आवक सुरू झाली की भरडाईच्या हंगामात हमाल, मशीनवरची माणसं, बारदाना शिवणाऱ्या बाया असे धरून बारा माणसांचे पंचवीस होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा बारा. हंगामात वाढलेली माणसं मोजायची का, यावर देशभर भरपूर खटले झाले आहेत. निकाल काहीही लागो, मस्टर नीट ठेवलेला मालकच आपली बाजू मांडू शकतो. मस्टर नसेल तर अधिकारी ज्या दिवशी येईल त्या दिवशी दिसलेली माणसं हाच पुरावा.

नवे कामगार कायदे : 'पगार' म्हणजे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. नवे तपशीलवार नियम येईपर्यंत जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, चालू राहतात. त्यामुळे सध्या 'काहीच बदललं नाही' आणि 'सगळं बदललं' अशी दोन्ही प्रकारची माणसं भेटतात.

छोट्या मालकाच्या खिशाशी संबंध येतो तो मुख्यतः पगाराच्या व्याख्येचा. पूर्वी प्रत्येक कायद्यात 'वेतन' या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा होता. आता एकच आहे : मूळ पगार, महागाई भत्ता आणि राखून ठेवण्याचा भत्ता. घरभाडे, प्रवास भत्ता यांसारख्या गोष्टी बाहेर. पण बाहेर ठेवलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर जास्तीची रक्कम पुन्हा वेतनात धरायची.

उदाहरण घेऊ. वीसपेक्षा जास्त माणसं असलेल्या एका कारखान्यातल्या अकाउंटंटला २६,००० मिळतात. त्यात मूळ पगार व महागाई भत्ता ११,५००, घरभाडे १०,०००, प्रवास भत्ता ४,५००. बाहेरच्या रकमा झाल्या १४,५००. निम्मे म्हणजे १३,०००. वरचे १,५०० वेतनात परत येतील आणि वेतन धरलं जाईल १३,०००. पीएफ आधी ११,५०० वर १,३८० होता, तो आता १३,००० वर १,५६० होईल. कामगाराचे १८० आणि मालकाचे १८० जास्त.

इथवरचं गणित बऱ्याच व्हिडिओंमध्ये सांगितलं जातं. ईएसआयचं क्वचितच सांगतात. जुन्या हिशेबात घरभाडे धरून या माणसाचा पगार २१,००० च्या वर जात होता, म्हणून तो विम्याच्या बाहेर होता. नव्या व्याख्येनुसार त्याचं वेतन १३,००० भरतं, म्हणजे तो आत येतो. त्याचे महिन्याला ९८ रुपये आणि मालकाचे ४२३. दर तेच, मर्यादाही तीच. फक्त मोजण्याची पट्टी बदलली आणि पूर्वी बाहेर असलेला माणूस आत आला. त्यामुळे '२१,००० च्या वरचे' म्हणून बाजूला काढून ठेवलेली यादी पुन्हा तपासावी लागेल.

आणि ज्यांचा पीएफ आधीपासून १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो त्यांचा हातातला पगार या व्याख्येने कमी होणार नाही. हे केंद्रीय कामगार मंत्रालयानेच डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. 'आता सगळ्यांचा इनहँड घटणार' हा सरसकट दावा म्हणून चुकीचा आहे.

दुसरा बदल भूगोलाचा. ईएसआय पूर्वी अधिसूचित केलेल्या भागांपुरता होता, आता सगळ्या देशाला लागू आहे. पीएफसाठीही ठरावीक उद्योगांची यादी होती, ती अट गेली. 'आमचा धंदा त्यात बसत नाही' हे लाखांदूर-पवनीकडचं जुनं उत्तर आता चालणार नाही.

मालकांची एक तक्रार मात्र रास्त आहे. वर्गणी भंडाऱ्यातून जाते आणि विमा योजनेचं मोठं रुग्णालय नागपूरच्या सोमवारी पेठेत आहे, सुमारे साठ किलोमीटरवर. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवून कोण जाणार, असं कामगारही म्हणतात. पण आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा, कामावर अपघात झाला तर पेन्शन, हे पैसे थेट खात्यात येतात. त्यासाठी नागपूरच्या खाटेची गरज नसते. गरज असते ती मालकाने दर महिन्याला वेळेवर भरलेल्या वर्गणीची. आजारपणाच्या लाभासाठी ठरावीक सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी असावी लागते. मालकाने माणसाचं नावच लावलं नाही, तर हात मशीनमध्ये गेल्यावर त्या घराकडे काय उरतं, हे वेगळं सांगायला नको.

एक दिवसाचा उशीर किती महाग?

पीएफ आणि ईएसआय दोन्हींची तारीख पुढच्या महिन्याची १५. पीएफ उशिरा भरला तर वर्षाला १२ टक्के व्याज. त्याशिवाय दंड, जो १४ जून २०२४ पासून महिन्याला १ टक्का असा सौम्य केला आहे. पूर्वी तो उशिराप्रमाणे वर्षाला ५ ते २५ टक्के होता.

यात फार मोठं काही वाटत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याखाली खरा फटका आयकरात बसत होता. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा १५ तारखेच्या आत भरला नाही, तर ती रक्कम मालकाचं उत्पन्न समजली जायची आणि त्यावर कर लागायचा. नंतर भरली तरी वजावट मिळत नसे. काही उच्च न्यायालयं विवरणपत्राच्या तारखेपर्यंत सवलत देत होती. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'चेकमेट सर्व्हिसेस' प्रकरणात ती वाट बंद केली.

रुपयांत बघू. २२ कामगार, सरासरी वेतन १२,०००. कामगारांचा हिस्सा महिन्याला ३१,६८०. धंदा भागीदारीत असेल आणि ३० टक्के दराने कर भरत असेल, तर अधिभार सोडून उपकरासह जवळपास ९,९०० रुपये जादा कर बसायचा. फक्त १५ ऐवजी १६ तारखेला चलान काढलं म्हणून. मिलच्या शासकीय भरडाईची बिलं महिनोन्‌महिने अडकतात, हातात रोकड नसते आणि मालक म्हणतो, पुढच्या आठवड्यात भरू. त्या आठवड्याची ही किंमत होती.

आयकर : गाजावाजा जास्त, काम कमी

फेब्रुवारीत केंद्रीय अर्थसंकल्प आला की सगळ्यांचं लक्ष आयकराच्या टप्प्यांकडे जातं. पण नव्या करप्रणालीत पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर बसत नाही आणि ही प्रणाली आपोआप लागू असते. भंडाऱ्यातल्या बहुतेक छोट्या आस्थापनांत इतका पगार कोणाचाच नाही, त्यामुळे पगारावरचा टीडीएस शून्य. डॉक्टरांना पगारावर ठेवणारे दवाखाने हा मुख्य अपवाद. त्यांनी मात्र पुढच्या महिन्याची ७ तारीख आणि तिमाही विवरणपत्र पाळायचं, कारण विवरणपत्र चुकलं तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ येतो. 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' ही जोडी जाऊन 'कर वर्ष' हा एकच शब्द येईल, कलमांचे क्रमांक बदलतील. पगाराचं सॉफ्टवेअर असेल तर एप्रिलचा पगार करण्याआधी ते अपडेट करून घ्या.

मग बातमी कुठून घ्यायची?

रील पाहून शीट बदलू नये. कोणताही बदल खरा असेल तर त्याला अधिसूचनेची तारीख असते आणि लागू होण्याची तारीख असते. या दोन्ही नसलेला मेसेज पुढे ढकलू नका. व्यवसाय करासाठी राज्याचं महाजीएसटी संकेतस्थळ, पीएफ आणि ईएसआयसाठी त्या-त्या संघटनेची संकेतस्थळं, कामगार कल्याण निधीसाठी कल्याण मंडळाचं. मार्च, जून आणि डिसेंबर संपताना कर सल्लागाराला एकच प्रश्न विचारायचा : "आपल्या शीटमधली कोणती ओळ बदलायची आहे?" 'सगळं बरोबर आहे ना' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं, हा या जिल्ह्याचाच नाही, सगळ्या महाराष्ट्राचा अनुभव असावा.

ज्यांनी आजवर माणसं कागदाबाहेर ठेवली त्यांच्यासाठी एक खिडकी उघडण्यात आली. पीएफ संघटनेची कर्मचारी नोंदणी मोहीम १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ या काळासाठी जाहीर झाली. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात कामावर लागलेल्या पण नोंद न झालेल्या कामगारांना मालकाने स्वतः जाहीर करायचं. पगारातून कापलाच नसेल तर कामगाराचा हिस्सा माफ. मालकाने आपला हिस्सा, व्याज आणि प्रशासकीय शुल्क भरायचं, आणि दंड फक्त १०० रुपये. आजपर्यंत पीएफमध्ये नसलेली आस्थापनाही यात येऊ शकते.

त्याला जोडून बघण्यासारखी दुसरी योजना म्हणजे प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात नवा माणूस घेतला आणि तो सहा महिने टिकला, तर मालकाला त्याच्यामागे महिन्याला कमाल ३,००० रुपये दोन वर्षं मिळतात; कारखानदारीत चार वर्षं. पन्नासपेक्षा कमी कर्मचारी असतील तर किमान दोन नवी माणसं घ्यावी लागतात. १० ते २० हजार पगाराच्या माणसामागे ही रक्कम २,००० आहे. १२,००० वेतनावर मालकाचा पीएफ हिस्सा १,४४० होतो. म्हणजे योजनेच्या अटींत बसणाऱ्या नव्या माणसाच्या पीएफचा खर्च पहिली काही वर्षं निघून वर थोडे उरतात. एकोणीसवर थांबलेल्या मिलमालकाने विसावा माणूस घेतला, तर आधीच्या एकोणीस जणांचा पीएफ मात्र त्याला त्याच दिवसापासून सुरू करावा लागेल.